काटा पासष्टवर

अंडी उबवायची पेटी घड्याळजींनी घरीच बनवली होती. पिल्लं बाहेर यायला तीनच दिवस उरले होते. आता ओलाव्याचा काटा पासष्टच्या खाली आला तर पिल्लं कवचातच अडकतील, हे ऐकून ऐकून बायकोलाही पाठ झालं होतं.

काटा मात्र जागचा ढळत नव्हता. "सगळी कमाल माझ्या पाण्याच्या ताटलीची!" घड्याळजी येईल त्याला सांगत.

त्या दिवशी त्यांना पेटीमागे दोरीवर ओल्या चादरी दिसल्या.

"अगं, ही पेटीची खोली आहे की धोबीघाट? काढ आधी!"

"अहो, चार दिवस ऊन नाही, म्हणून इथे वाळत घालतेय," असं हळूच म्हणत तिने चादरी उचलल्या.

तासाभरात काटा पन्नासवर आला. घड्याळजींनी ताटली काठोकाठ भरली, काचेवर टिचक्या मारल्या, पण तो ढिम्म. मग त्यांची नजर रिकाम्या दोरीवर गेली.

संध्याकाळची प्रार्थना आटोपून ती उठली, तर घड्याळजी बाह्या सरसावून मोरीत पलंगपोस पिळत होते.



"अगं, कपाटातल्या घडीच्या चादरीही मला जरा मळक्याच वाटतायत. देऊ का धुऊन?"