डावी बाजू

दुसरी फेरी संपल्याची घंटा झाली. कायेआ आपल्या कोपऱ्यात आला आणि स्टूल जिथे नव्हतं तिथेच बसायला गेला. तिओतीकाकांनी दंड धरून त्याला स्टूलवर ओढलं म्हणून बरं, नाहीतर भर रिंगणात आपटला असता.

"पाय गेले का रे?" काका हसले. पोराला ठोसेबाजी त्यांनीच शिकवलेली. "जाऊ देत. दोन्ही फेऱ्या तुझ्या आहेत! तो फिजीवाला बघ, डुकरासारखा धापा टाकतोय. एवढी एक काढ, की पदक आपलं."

दोरांबाहेर, कायेआच्या पाठीशी, त्याची थोरली बहीण अकिनेती पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिला हसू आलं नाही. काकांनी बाटली डाव्या अंगाने पुढे केली, तेव्हा ती ओठांवर आदळेपर्यंत कायेआने तोंड उघडलं नव्हतं.

वर बाकांवर त्यांच्या चिमुकल्या बेट-देशाची, किरिबातीची माणसं फळ्या बडवत होती. धावणारे, वजनं उचलणारे, सगळे आधीच हरून तिथे जाऊन बसले होते. उरला होता तो हा एकटा. तिकडे घरी, तारावा बेटावर, अख्खं गाव मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, रेडिओला कान लावून बसलं असणार, आणि आई सगळ्यांत पुढे.

काका टॉवेल पिळायला वळले तशी अकिनेती वाकली. "काय होतंय तुला?"

"काही नाही."

"कायेआ."

"डाव्या डोळ्यानं दिसत नाहीये." तो ओठ न हलवता बोलला. "मघाच्या ठोशापासून. पडदा ओढल्यासारखं झालंय. काकांना सांगू नकोस."

ती बोलणार एवढ्यात रेफरीने डॉक्टरला हात केला. डॉक्टर उठले, पायऱ्यांकडे निघाले.

"ताई, ऐक. तो बोटं दाखवील. जेवढी दाखवील तेवढी मागून माझ्या पाठीला टेकव."

"डोकं फिरलंय तुझं!"

"एकच फेरी गं. मी जिंकतोय, ताई! आपल्यातलं कुणी कधी जिंकतं का? पाया पडतो तुझ्या."

त्याचा आवाज फाटला होता. लहानपणी खाडीत गटांगळ्या खाताना त्याने अशीच हाक मारली होती. अकिनेतीने हात त्याच्या बनियनखाली सारला. पाठ घामाने निथळत होती आणि आत काळीज धाडधाड उडत होतं.

डॉक्टरांनी त्याचा उजवा डोळा तळव्याने झाकला. "किती?"

एक बोट. अकिनेतीने एक टेकवलं.

"एक," कायेआ म्हणाला.

"आता?"

चार. तिने चार टेकवली.

"चार. डोळा ठीक आहे, डॉक्टर. सूज आहे नुसती."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. ते तळवा काढून वळणारच होते, पण काय वाटलं कोण जाणे, तळवा तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातला छोटा टॉर्च काढला आणि उजेड डाव्या डोळ्यावर धरला. अकिनेतीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. एवढा लख्ख उजेड आत जात होता आणि पापणी लवत नव्हती. कायेआ समोर बघत शांत बसला होता. टॉर्च लागलाय हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"शेवटचं. किती?"

दोन.

अकिनेतीने दोन बोटं टेकवली. कायेआने श्वास घेतला. तो बोलण्याआधीच तिने तिसरं टेकवलं.

"तीन!" तो छातीठोकपणे म्हणाला.

डॉक्टरांनी रेफरीकडे पाहून नकारार्थी मान हलवली. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे हलवले. लढत संपली. वर फळ्या बडवणारे हात थांबले.

"तीनच होती!" कायेआ उसळून उठला. "लबाड आहेत साले! काका, तुम्ही बघितलंत ना? तीन होती! ताई, सांग ना त्यांना! सांग!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. फिजीचा मुष्टियोद्धासुद्धा.

"दोन होती," अकिनेती म्हणाली.

कायेआचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू मिटलं. काकांनी त्याचे ग्लोव्हज सोडले, डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली. आत्ताच्या आत्ता शस्त्रक्रिया झाली तर कदाचित डोळा वाचेल, असं ते म्हणाले. कदाचित. पुढचा ठोसा बसला असता तर तेवढंही म्हणता आलं नसतं.

रुग्णवाहिका मैदानाच्या मागच्या दाराशी होती. काकांनी कायेआला उजव्या हाताला धरलं आणि दोघे लांबलचक बोळातून निघाले. अर्ध्यावर कायेआ थांबला.

"काका, ताई कुठंय?"

काकांनी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. ती तिथेच होती, त्याच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर.

"तिला माझ्याजवळ येऊ देऊ नका," तो म्हणाला. "आज नको. कधीच नको."

काकांनी त्याचा हात हलकेच ओढला. "नाही येणार रे. चल तू."

दोघे चालू लागले. अकिनेतीने वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि श्वास दाबून, पावलांचा आवाज न करता, भावाच्या डाव्या बाजूने चालत राहिली.