संत्र्याच्या वासाचं पाणी

यंत्राच्या पडद्यावर तीच टोकदार रेघ तिसऱ्यांदा उमटली. बेंझिन. ठरलेल्या मर्यादेच्या दुप्पट.

“सर, आता पुरे,” शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. “मघाशी नुसतं शुद्ध पाणी घालून बघितलंत, तेव्हा काही आलं नाही. यंत्राला कशाला बोल लावताय? जे आहे ते बाटलीतच आहे.”

रसायनतज्ज्ञाने मान हलवली. प्रयोगशाळेत येणाऱ्या बाटल्यांची नावं खरवडून नुसते आकडे चिकटवलेले असत, कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून. पण झाकण फिरवताच त्याने तो संत्र्याचा वास ओळखला होता. दोन महिने आजारी बायकोच्या घशाखाली तेवढंच पाणी उतरत होतं. तोच आणत होता, खोकीच्या खोकी.

त्याने अहवालावर सही केली.

घरी आल्यावर आधी त्याने खोकं उचलून दाराबाहेर ठेवलं. मग साध्या पाण्याचा पेला घेऊन पलंगाशी गेला. पहिल्याच घोटाला ती ठसकली. पाणी उशीवर सांडलं.

“अहो, माझं पाणी कुठंय?”

“ते नको. आज तपासलं मी. चांगलं नाही ते.”

“म्हणजे?”

“त्यात बेंझिन मर्यादेच्या बाहेर आहे. त्याने कर्करोग होतो.”

तो ओली उशी बदलू लागला.

“मर्यादा कशी ठरवतात हो?”

सदतीस वर्षांच्या संसारात त्याच्या कामाबद्दल तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तो पलंगाच्या कडेला टेकला.

“माणूस ते रोज प्यायला, सत्तर वर्षं, तर कितपत चालेल, असा अंदाज करतात.”

“सत्तर वर्षं,” ती म्हणाली. तिला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, तो बराच वेळ थांबेना. डॉक्टरांनी तीनच आठवडे उरल्याचं सांगितलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तो उठला, खोकं आत आणलं, एक बाटली उघडून पेला भरला आणि तिच्या ओठांशी धरला. तिने सावकाश, एक थेंब न सांडता पेला संपवला.

“तुमचा अहवाल गेला की दुकानातून उचलतील ना हे?”

“उद्या दुपारपर्यंत.”

“मग असे बसलात काय? दुकान बंद व्हायच्या आत आणखी दोन खोकी घेऊन या.”