बदकांची रांग

मुलांनो, एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात लाकडी ठसे रचून ठेवलेत, प्रत्येकावर एक बदक कोरलेलं. पूर्वी गावात याच ठशांनी कापड छापायचे. छपाई बंद पडून इतकी वर्षं लोटली, की ते कापड आता कुणाच्याच घरी उरलं नव्हतं. ठसे कोरणारे आजोबा मात्र होते, आणि त्यांची लाकूड कोरायची पटाशी होती.

ती पटाशी हातात मिळावी म्हणून त्यांची नात, धाकटी, केव्हापासून मागे लागली होती. आजोबा म्हणायचे, "आधी ठसा कळू दे. मग देईन."

सुट्टीत शहरातून तिची चुलत बहीण आली. या ताईने ठशांचे फोटो काढले, कॉम्प्युटरवर बदकं रंगवली आणि चक्क चालायला लावली. शाळेच्या भिंतीवर ही बदकं गावाला दाखवायची, लोकांना आवडली तर छपाई पुन्हा सुरू करायची, असं ठरलं.

मग घरात दुसरा विषयच उरला नाही.

"ताईचा हात बघ कसा चालतो," आई म्हणाली. "तुझं नुसतं तोंड चालतं."

"मला कॉम्प्युटर द्या, मग बघा."

"आधी ताट उचल."

आजोबाही ताईला शेजारी बसवून घेऊ लागले. ती जागा धाकटीची होती.

"माझ्या पोटात दुखतंय," धाकटी म्हणाली.

"दिसतंय ते," आजोबा म्हणाले आणि पुन्हा ताईशी बोलू लागले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ताई भिंतीवर पांढरी चादर ताणायला निघाली. "कॉम्प्युटरजवळ बस हं," ती धाकटीला म्हणाली. "कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझ्या भरवशावर जातेय."

धाकटी बसली. चित्र कसं फिरवतात ते तिने ताईच्या मागे उभं राहून पाहिलं होतं. तिने कळ दाबली. डावीकडे चाललेली सगळी बदकं वळून उजवीकडे चालू लागली.

आता होऊ दे फजिती.

अंधार पडला. चादरीवर बदकांची रांग उमटली. लोक कधी हसतात याची धाकटी वाट बघू लागली.

तेवढ्यात मागून एका म्हातारीचा हुंदका ऐकू आला. "हीच गं ती. माझ्या आईच्या पांघरुणावर अशीच चालायची, उजव्या हाताला."

"अगदी अशीच," दुसरी म्हणाली. मग सगळेच बोलू लागले. छपाई कधी सुरू करायची, एवढंच ठरायचं राहिलं.

आजोबा उठून ताईपाशी गेले. त्यांच्या हातात पटाशी होती. "ठशावर चित्र उलटं कोरतात, तेव्हा ते कापडावर सुलटं उठतं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हटलं, फोटो तसाच लावतेस की काय, बघू. तुझं तुलाच कळलं. घे."

ताई चादरीकडे बघत राहिली. मग तिने धाकटीकडे पाहिलं.

"मला नाही कळलं, आजोबा. मी डावीकडेच चालवली होती. कॉम्प्युटरजवळ ही एकटीच होती."

आजोबा वळले. "तू होय? आणि बोललीसुद्धा नाहीस?" त्यांनी पटाशी धाकटीपुढे धरली. लोक टाळ्या वाजवू लागले. आई शेजारणीला सांगत होती, "माझीच ती."

धाकटीने दोन्ही हात पाठीमागे नेले.