आरसा, वायपर, बल्ब

तिने गाडीतला फ्यूज उपटला तेव्हा बाबा पाठमोरे उभे राहून नव्या बल्बचं खोकं फोडत होते. नखाएवढा तो तुकडा तिने तेलकट फडक्यात गुंडाळला आणि फ्यूजच्या पेटीचं झाकण दाबून बसवलं. ज्या बापाने हाताला धरून गाडी खोलायला शिकवलं, त्याच बापाच्या गाडीत चोरी!

"काय उस्ताद, झालं का ऑइल?" बाबांनी विचारलं. ती दहा वर्षांची असल्यापासून ते तिला उस्ताद म्हणत. आज ती छत्तिशीची होती, एका मुलीची आई.

"झालं," ती म्हणाली.

दर रविवारी बापलेक या गाडीच्या मागे लागत. बाबांनी चाळीस वर्षं बस चालवली आणि साधा ओरखडा येऊ दिला नाही, हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण गेल्या तीन महिन्यांत बाबांची कामांची यादी बदलली होती. आधी मोठा आरसा आला. मग काचेला पॉलिश, मग नवे वायपर. आज हेडलाइटला दुप्पट उजेडाचे बल्ब. जुने बल्ब तर चांगले ठणठणीत होते. मागच्या आठवड्यात गाडी फाटकाला घासली, तेव्हा बाबांनी फाटकालाच शिव्या घातल्या. तिने एकदाच भीत भीत म्हणून पाहिलं होतं, "बाबा, डोळे दाखवून येऊ या का?" दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. आईनेही तिलाच झापलं.

आणि उद्यापासून नातीला शाळेत सोडायचं काम त्यांनी हौसेने मागून घेतलं होतं. मागच्या सीटवर नातीची छोटी खुर्ची सकाळीच पट्टे आवळून बसवली होती. त्यांचा तो खुललेला चेहरा बघून नाही म्हणायला लेकीची जीभ रेटली नाही. मग उरला तो हा एकच उपाय.

बाबा स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही पकडेना. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"बॅटरी गेली असेल," ती घाईघाईने म्हणाली. "उद्या मेकॅनिकला बोलावते मी."

"बॅटरी गेली असती तर स्टार्टर फिरला असता का? हे कोणी शिकवलं गं तुला?" बाबा खाली उतरले. "पेट्रोल पोचत नाहीये. पंपाचा फ्यूज बघतो."

दिसेना झालं तरी कान तेच होते. ती आडवी आली. "तुम्ही बसा ना जरा. मी बघते."

"सरक."

ती सरकली. बाबांनी फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. वाकून आत पाहिलं मात्र नाही. मान ताठ ठेवून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी एक बोट फ्यूजच्या रांगेवरून सावकाश फिरवायला घेतलं. पहिला. दुसरा. तिसरा. ती मुठीतलं फडकं आवळत गेली. आता ओरडतील, आता हात पुढे करतील. करू देत. पायाशी लोळण घ्यावी लागली तरी बेहत्तर, पण मागितला तरी द्यायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं.

बोट थांबलं.

"सगळे जागेवर आहेत," बाबा म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. लगेच डोळेही भरून आले. एवढंही दिसत नाही यांना? मग तिची नजर खाली गेली. बाबांचं बोट त्या रिकाम्या खाचेतच होतं.

त्यांनी झाकण लावलं. फोडलेलं बल्बचं खोकं नीट मिटवून तिच्या हातात दिलं.

"आईला सांग, गाडीत मोठं काम निघालंय," ते म्हणाले. "डोळ्यांचं मला माझ्या तोंडाने सांगू दे."