रिकामा पत्ता

१९८६. नागपूरच्या ऑफिसातला नवाकोरा कॉम्प्युटर रोज चालता चालता कोसळायचा. त्याच्या कर्नलमधला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममधला, नल पॉइंटर, म्हणजे रिकाम्या पत्त्यावर धाडणारी चूक, प्रोग्रामर धनराजनं आज अखेर पकडला.

"काय करून राहिलं होतं गा हे?" साहेबांनी विचारलं.

"पत्त्यावर काहीच नसलं तरी बेधडक आत घुसून राहिलं होतं, साहेब. आता मशीन आधी पाहते. काही नसलं, तर मुकाट्यानं परत फिरते."

साहेब खूश झाले. तू खोली शोधून राहिला ना, धरमपेठेत एक भाड्याची आहे, म्हणाले, जाऊन ये.

संध्याकाळी घरमालकीण गोपिकाबाई किल्ली घेऊनच बाहेर आल्या. "आडनाव काय तुमचं?"

"गजभिये."

"अगं बाई! खोली तर कालच दिली हो." किल्ली परत कमरेला गेली.



मुकाट्यानं परत फिरायला मशीन आज शिकलं होतं. धनराजला ते लहानपणापासून येत होतं.