फुकट्या

माझ्या फोनचा डेटा रोज दुपारीच संपायला लागला आणि घरातल्या तज्ज्ञाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझीच शाळा घेतली. "दिवसभर व्हिडिओ बघत बसतेस, दुसरं काय होणार? माझं डोंगल बिघडलं होतं ते दोन दिवस सोडले, तर तुझ्या डेटाला मी हात लावलेला नाही." मग त्याने माझ्या फोनमधली अर्धी ॲप उडवली. मी बहिणीला व्हिडिओ कॉल करणंही सोडलं. तिचं नवं बाळ मी नुसतं रडताना ऐकत होते. डेटा मात्र दुपारी संपायचा तो संपायचाच.

आज वैतागून त्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"हॉटस्पॉट चालू कशाला?"

"मुलीच्या टॅबला लागतो."

"ती शाळेत आहे. मग हा आत्ता कोण जोडलेला दिसतोय? नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. शेजारचाच कोणीतरी असणार. फुकट्या मेला. पासवर्ड बदल आधी." एवढं बोलून तो आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसला.

मी पासवर्ड बदलला. लगेच आतून हाक आली.

"अगं, माझी मीटिंग तुटली. लॅपटॉप तुझ्या हॉटस्पॉटचा पासवर्ड मागतोय. नवीन काय ठेवलास?"

मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या खोलीचं दार लोटता लोटता त्याला म्हटलं, "हळू बोल. शेजारचे ऐकतील."