भांगाचा दिवस

“नववीच्या पोरांना नशा शिकवता काय?” शाळा समितीचे अध्यक्ष महादेवराव यांनी नातवाची वही टेबलावर आपटली. वहीत एका कादंबरीवरच्या प्रश्नाला सलिल सरांनी सांगितलेलं उत्तर होतं : ‘नाखवा भांग पिऊन होडीत बसला, म्हणून बुडाला.’

सलिल सर काशीदजवळच्या या शाळेत मराठी शिकवायचे. सत्तर वर्षांपूर्वीची ही जाडजूड, अवघड कादंबरी त्यांनीच हट्टानं पूरक वाचनाला लावली होती. इथल्या पोरांनी आपल्याच किनाऱ्याची गोष्ट वाचावी, एवढंच त्यांचं म्हणणं. आज ती अभ्यासातून जाणार, हे खोलीतले चेहरे पाहूनच त्यांना कळलं होतं. ठरावावर सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. समितीतल्या एकानंही कादंबरी वाचली नव्हती. जाड पुस्तक वाचण्यापेक्षा ते काढून टाकणं केव्हाही सोपं.

“निदान ते पान तरी ऐका,” सर म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडून वाचलं. “भांगेचा दिवस होता. नाखव्याने होडी लोटली. मागे वळून पाहिले नाही.”

“म्हणजे भांग आहेच की!” महादेवराव म्हणाले.

पालकांच्या वतीनं जैबुन्निसाचाची आल्या होत्या. त्यांची नात यशरा त्याच वर्गात होती. त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“सर, छापलंय ‘भांगाचा’. लाल शाईनं ‘भांगेचा’ तुमी केलाय.”

“छपाईची चूक होती ती. मी सुधारली.”

“चूक न्हाय. ही प्यायची भांग न्हाय. अष्टमीच्या आसपास दर्याला जोर नसतो, पानी थोडंच चढतं. त्याला आमी भांग म्हनतो. जोर असतो तो उधानाला, पुनवेला न् अवसेला.”

महादेवराव ओशाळले. त्यांचा जन्म किनाऱ्यावर गेला होता, शब्द त्यांनाही ठाऊक होता. पण वहीत ‘पिऊन’ दिसल्यावर पुढं डोकं चालवायची गरज त्यांना वाटली नव्हती. “घाटावरच्या मास्तराला समुद्र शिकवायला दिला की असंच व्हायचं,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि ठरावाचा कागद फाडला. कादंबरी राहिली.

सरांना आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाजच. चार वर्षं त्यांनी चुकीचं शिकवलं होतं. व्हरांड्यात येऊन त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. दर्या शांत होता. नाखवा प्यायलेला नव्हता. म्हणजे तो बुडाला नव्हता, आपणहून गेला होता.

जैबुन्निसाचाची पायात चपला अडकवत होत्या.

“चाची, उद्या वर्गात चूक कबूल करतो मी. पण यशराला हा शब्द ठाऊक असणार. तिनं मला अडवलं का नाही?”



“तिचा बाप, माझा अझहर, भांगाच्याच दिवशी होडी घेऊन गेला, परत आला न्हाय. घरात आमी उधान होतं, बुडाला असंच सांगतो, ती पन तसंच सांगते,” त्या म्हणाल्या. “पुस्तकात तरी खरं राहू दे.”